आधी हात, मग हत्यार

दिवाळीच्या खरेदीला मुलांना बरोबर नेले की त्यांची पावले कुठे अडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. टिकल्यांचे पिस्तूल हाती पडल्याशिवाय चिरंजीव पुढे हलत नाहीत. घरी येतात, टिकल्यांची गुंडाळी आत भरतात, बोट चापावर नेतात, नळी धाकट्या बहिणीच्या छातीवर रोखतात आणि 'फट्' करून चाप ओढतात. ती किंचाळते, आजी दचकते, वडील हसतात आणि चकल्यांच्या कढईपासून आई ओरडते, "अरे, डोळ्यांत ठिणगी जाईल कोणाच्या तरी!" सण सुरू झाला असे समजावे.

या एवढ्याशा खेळात चिरंजीवांनी तीन गोष्टी केल्या. पिस्तूल हाती येताच बोट चापावर ठेवले, नळी माणसावर रोखली, आणि आत काय भरले आहे याची फिकीर न करता चाप ओढला. खऱ्या हत्याराचे शिक्षण घ्यायला गेल्यावर 'हे करायचे नाही' म्हणून पहिल्या दिवशी ज्या गोष्टी बजावतात, त्या नेमक्या याच. मुलाला खेळू द्यावे. टिकलीने कोणाचे फारसे बिघडत नाही. काळजी मोठ्यांची आहे. आठव्या वर्षी लागलेली ही सवय, पन्नासाव्या वर्षी परवान्याचे खरे पिस्तूल हाती आल्यावर आपोआप सुटते, असे मानायला काही आधार नाही.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वीसएक दिवसांपूर्वीच खंडेनवमी झाली. विळा, कोयता, तराजू, शिवणयंत्र यांच्या जोडीला काही घरांतून पाटावर एखादे रिव्हॉल्व्हर किंवा आजोबांची दुनळी बंदूकही मांडली गेली असेल. तिला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि संध्याकाळी ती पुन्हा कपाटात गेली. अनेक घरांत वर्षातून तिला हात लागतो तो एवढाच. पूजा होते, अभ्यास राहतो. घरातल्या ज्या वस्तूविषयी सर्वांत कमी बोलले जाते आणि ज्या वस्तूविषयी सर्वांत जास्त बोलायला हवे, अशी ही एक वस्तू आहे. तेव्हा यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर तिच्याविषयीच बोलू.

बदनापूरचे अण्णा

बोलण्याच्या सोयीसाठी एक गृहस्थ कल्पू या. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान, रस्त्यानेही आणि रेल्वेनेही, बदनापूर हे तालुक्याचे गाव लागते. तुरीचे पीक घेणाऱ्यांना इथले कृषी संशोधन केंद्र चांगले ठाऊक आहे. तुरीच्या वाणांच्या नावांत 'बीडीएन' ही अक्षरे दिसतात, ती याच गावाची. आपले अण्णा इथल्या मोंढ्यात आडतीचा व्यवसाय करतात. हंगामात कापूस, तूर, मोसंबी यांचा पैसा हातातून जातो. कधी रोकड घेऊन जालन्याहून रात्री परतावे लागते. वय पन्नाशीचे, दोन मुले संभाजीनगरला शिकायला. असे हे अण्णा गेले काही महिने म्हणत आहेत की, आपण एक पिस्तूल घ्यावे.

कारणे तीन. पहिले भीतीचे: रस्ता, रात्र आणि रोकड. दुसरे थाटाचे, जे अण्णा उघड बोलत नाहीत: ओळखीच्या दोघा-तिघांच्या कमरेला ते आहे. तिसरे हौसेचे: लहानपणी जत्रेत फुगे फोडले तेव्हापासून नेम धरण्याची आवड आहे.

भीतीचे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या मुलुखातल्या माणसांच्या मनात त्याला जुने मूळ आहे. १९४७-४८ साली निजामी राजवटीत रझाकारांच्या हाती हत्यारे होती आणि गावे त्यांच्या धाकाखाली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. ज्या घरांतून त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या जातात, तिथे 'घरात काहीतरी असावे' हे वाक्य सहज तोंडी येते.

पण अण्णांच्या सौभाग्यवती, म्हणजे आपल्या वहिनी, काही वेगळेच विचारतात. त्यांचे प्रश्न चार: "अहो, ते ठेवणार कुठे? मुलांच्या हाती लागले तर? तुम्हाला ते चालवता येते का? आणि तुमच्या मागे त्याचे मी काय करू?" अण्णा म्हणतात, "बायकांना यातले काय कळते!" आमचे मत असे की, यातले सगळे वहिनींनाच कळले आहे. याच चार प्रश्नांची उत्तरे आता पाहू. मात्र त्याआधी कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो.

परवाना म्हणजे काय आणि काय नव्हे

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला, तो राज्यकर्त्यांच्या धास्तीपोटी. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १९६२ पासून लागू झाला. आजही मूळ कायदा तोच. त्याखालचे नियम २०१६ साली नव्याने केले गेले आणि २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका-पिस्तुले बाळगता येत, आता दोनच. पूर्वी परवान्याची मुदत तीन वर्षांची असे, ती पाच झाली. वयाची एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही.

अण्णांचा अर्ज जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. त्यांचे मेहुणे संभाजीनगर शहरात राहतात, त्यांना तो पोलीस आयुक्तांकडे करावा लागेल. पोलिसांची चौकशी होते, प्रकृतीचा आणि मनःस्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१६ च्या नियमांनी आणखी एक चांगली गोष्ट केली: हत्यार सुरक्षितपणे कसे हाताळावे, याच्या शिक्षणाची अट घातली. अर्ज केला म्हणून परवाना मिळालाच पाहिजे असा हक्क निर्माण होत नाही. देणे न देणे अधिकाऱ्यांच्या विचारावर आहे.

मिळणारे हत्यारही मनाजोगे नसते. सैन्य आणि पोलीस वापरतात ते ९ मि.मी.चे काडतूस सर्वसामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. म्हणून आपल्याकडे परवान्यावर दिसते ते बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, तेही .३२ चेच. वर्षाला किती काडतुसे घ्यायची आणि एका वेळी किती जवळ ठेवायची, हेही परवान्यात लिहिलेले असते. निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यातील समिती परवान्यांची छाननी करते, आणि सांगितल्यास हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. थाटासाठी कमरेला लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत आनंदाने हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, एवढे साधे गणित त्यामागे आहे.

परवाना म्हणजे सरकारने 'हा माणूस हत्यार बाळगण्यास अपात्र दिसत नाही' असे म्हणणे. 'या माणसाला ते येते' असे त्यात कोणी म्हटलेले नाही. मोटारीच्या परवान्याला निदान गाडी चालवून दाखवावी लागते, आणि त्यानंतर माणूस रोज गाडी चालवतो. पिस्तुलाचा परवानाधारक वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडता राहू शकतो. तो शिकत नाही, आणि पूर्वी जे शिकला असेल तेही विसरतो.

ठेवणार कुठे, आणि हाती लागले तर?

वहिनींचे पहिले दोन प्रश्न एकत्रच घेऊ, कारण ते एकाच कपाटापाशी येऊन थांबतात.

१ ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. प्रसिद्ध नट गोविंदा पहाटे कलकत्त्याला जायच्या तयारीत होते. मुंबईत जुहूच्या घरी परवान्याचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. दैव बलवत्तर, ते लवकरच बरे होऊन घरी आले. चोर नव्हता, भांडण नव्हते, शत्रू नव्हता. होते ते फक्त कपाट, घाईची वेळ आणि भरलेले हत्यार. घरातले अपघात असेच, अगदी साध्या वेळी होतात.

यातले यंत्र समजून घेण्यासारखे आहे. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्रीचे हत्यार. चक्रीच्या प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की मागचा घोडा काडतुसाच्या बुडावर आदळतो आणि गोळी सुटते. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा सरळ काडतुसावर टेकून असे, म्हणून ते जमिनीवर आपटले तरी बार होई. जुने जाणते लोक घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवीत, ते यासाठी. नव्या घडणीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडकाठी असते. पण आपल्या घरातले कोणत्या घडणीचे आहे, हे किती मालकांनी पाहिले असेल?

पिस्तुलाचा फसवेपणा वेगळा आहे. त्याची काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. पण नळीच्या मागच्या टोकाशी एक काडतूस आधीच चढलेले असू शकते, आणि बार व्हायला तेवढे एक पुरते. म्हणून क्रम पाठ करावा लागतो. नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन बाहेर. मग वरची सरक मागे खेचून आतले काडतूस बाहेर काढायचे. मग आत डोळ्याने बघायचे आणि अंधार असेल तर बोटाने चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सरक खेचली आणि नंतर मॅगझिन काढले, तर आतले काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे त्याच्या जागी जाऊन बसते.

हत्यार हाताळण्याचे चार नियम जगभर शिकवतात. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाज-शिक्षकाने ते सुटसुटीत मांडले. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजा. जे नष्ट करायचे नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरून होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. आणि आपण कशावर झाडतो आहोत व त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करा. चौथा नियम आपल्या वस्तीला फार लागू आहे. पत्र्याची भिंत किंवा प्लायवूडचे दार पिस्तुलाच्या गोळीला अडवीत नाही. दाराच्या अलीकडे चोर असेल, पण पलीकडे शेजाऱ्यांचा पाळणा असू शकतो.

तर वहिनींना उत्तर असे: ते कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवायचे, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली परवानाधारकापाशी. उशीखाली नाही, गाडीच्या खणात नाही, देवघरात तर नाहीच. आणि मुलांना 'तिकडे बघायचे नाही' एवढेच सांगून भागत नाही. मूल बघणारच. त्याला सांगायचे की असे काही दिसले तर हात लावू नको, तिथून बाजूला हो आणि मोठ्यांना बोलाव. अण्णा लगेच म्हणतील, "मग चोर आल्यावर दोन कुलपे उघडत बसू काय?" हा प्रश्न रास्त आहे. भीतीसाठी घेतलेल्या हत्याराची ही अडचण मोडणारी युक्ती कोणाजवळ नाही. चटकन हाती येईल असे ठेवले तर ते मुलाच्याही हाती चटकन येते. म्हणूनच मोंढ्यातला पैसा बँकेमार्फत फिरवणे, रात्रीचा एकट्याचा प्रवास टाळणे आणि दाराला चांगली कडी बसवणे, हे उपाय पिस्तुलाच्या आधी करायचे.

चालवता येते का?

हा वहिनींचा तिसरा प्रश्न, आणि अण्णांना सर्वांत झोंबणारा. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते.

नळीच्या टोकावर छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला खाच असते. खाचेत माशी बरोबर मधोमध आणि वरच्या कडा समान दिसल्या म्हणजे नेम जुळला. खाच आणि माशी यांत १६ सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. माशी खाचेत अवघी एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर १० मीटरवर गोळी सहा सेंटिमीटरांहून जास्त डावीकडे जाते. लहान रिव्हॉल्व्हरवर हेच अंतर १० सेंटिमीटर असेल, तर चूक १० सेंटिमीटरांची होते. एक मिलिमीटर म्हणजे एखाद्या जाड पुठ्ठ्याची जाडी. चाप ओढताना मनगट तेवढे हलायला धाक, घाई, अंधार यांतले काहीही पुरे. आवाज होणार या कल्पनेनेच नवखा माणूस बार होण्याच्या क्षणापूर्वी मूठ आवळतो आणि नळी खाली झुकते.

ही खोड जाते ती सरावाने. डोळा माशीवर ठेवायचा, लक्ष्य थोडे अस्पष्ट दिसले तरी चालेल. श्वास थोडा सोडून थांबवायचा. चाप एकदम न खेचता सरळ मागे हळूहळू दाबत न्यायचा. आणि बार झाल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवायचा. सांगायला दोन वाक्ये पुरली, अंगवळणी पडायला महिने जातात. गायकाला षड्ज लावायला जेवढी चिकाटी लागते, तेवढी इथे लागते. खंडेनवमीला वर्षातून एकदा हात लावून हे येणारे नाही.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हौशी पिस्तूलधारकांसाठी सरावाचा एक खेळच तयार झाला आहे. १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि वर उल्लेखिलेले कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग ही तिची त्रिसूत्री. नेमबाज कमरेचे पिस्तूल काढून आडोशांमधून पुढे सरकतो, पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. पाहणाऱ्याला सिनेमा वाटेल. पण तिथली शिस्त पाहण्याजोगी आहे. चालताना बोट चापाच्या आत दिसले, किंवा नळी ठरलेल्या दिशेच्या मागे वळली, की त्या माणसाला तत्काळ सबंध स्पर्धेतून बाद करतात. कोणी जखमी झालेले नसते, तरीही बाद. त्या खेळात ९ मि.मी.हून लहान तोंडाचे पिस्तूल चालत नाही. म्हणजे आपल्या परवान्यावरच्या .३२ ला तिथे प्रवेशच नाही. तेव्हा तो खेळ बदनापूरला आणण्याचे स्वप्न अण्णांनी बाजूला ठेवावे. आणावी ती तिथली शिस्त.

१० मीटरचे दार

आपल्याकडे शिकण्याचे दार आहे, आणि ते एका मराठी माणसाने उघडले हे पुष्कळांना माहीत नसते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावच्या घराण्यातले आणि अहमदाबादेत स्थायिक झालेले. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकाराने. नागरिकाने हत्यार शिस्तीने शिकावे, अशी त्यांची धारणा होती. आजही नवोदित नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढतो, ती मावळणकरांच्या नावाच्या स्पर्धेतून.

त्या दाराने आत गेलेली मराठी मुले-मुली किती पुढे गेली! कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ साली विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आली; आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या घरी यायला ७२ वर्षे लागली, आणि ते आले नेमबाजीतून. कमरेला पिस्तूल लावून मिरवणारा यांत एकही नाही.

या खेळाची पहिली पायरी म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल. दाबलेल्या हवेने उडणारा ४.५ मि.मी.चा छर्रा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. या तोंडाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई हत्याराला शस्त्रपरवाना लागत नाही. कागदावरच्या लक्ष्याचे काळे वर्तुळ साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचे, आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. मघाचे गणित आठवा: माशीची एक मिलिमीटरची चूक छर्ऱ्याला काळ्या वर्तुळाबाहेर, दहाऐवजी तीन गुणांच्या रेघेपाशी नेऊन टाकते. मोठ्या स्पर्धेत ७५ मिनिटांत असे ६० छर्रे झाडायचे असतात. एका हाताने, उभे राहून. पहिल्या दिवशी अण्णांचे अर्धे छर्रे काळ्याबाहेर पडतील आणि शेजारच्या मार्गिकेवरची चौदा वर्षांची मुलगी नऊ-दहाची माळ लावील. हे पाहणे अण्णांच्या प्रकृतीला उत्तम.

पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, मुंबईला वरळीला महाराष्ट्र रायफल संघटनेकडे, कोल्हापूरला दुधाळीच्या मैदानात नेमबाजीच्या चांदमारीची सोय आहे. इतर गावांच्या लोकांनी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या रायफल संघटनेत चौकशी करावी. मात्र एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळते म्हणून ते खेळणे नव्हे. छर्ऱ्याने डोळा जातो. शिक्षकाची देखरेख, डोळ्यांना चष्मा आणि लक्ष्यामागे भक्कम आडोसा, हे तिन्ही असल्याशिवाय घराच्या अंगणात प्रयोग करू नयेत. चार नियम इथेही तेच.

आमची अण्णांना सूचना एवढीच आहे. परवान्याचा अर्ज वर्षभर राहू द्या. तोवर आठवड्यातून दोन दिवस १० मीटरच्या रेषेवर उभे राहा, जमल्यास मुलांना आणि वहिनींनाही न्या. वर्षाने तुम्हाला तीन गोष्टी कळतील: हात किती हलतो, राग आणि घाई आली की नेमाचे काय होते, आणि आपल्याला नेमके हवे काय होते, पिस्तूल की नेम. हौस असेल ती तिथेच फिटेल आणि वाढेलही. थाट असेल तो पहिल्या पंधरवड्यातच उतरेल. भीती मात्र खरी असेल तर ती राहील. मग अर्ज करा, आणि तेव्हा तुम्ही हत्यार मागणारा शिकलेला माणूस असाल. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांना दिला आहे, पण तो गरजेपुरत्या बळाचा. कितपत बळाची गरज आहे हे त्या अंधाऱ्या क्षणी ओळखायला डोके थंड लागते, आणि तेही सरावाखेरीज येत नाही.

तुमच्या मागे काय?

वहिनींचा चौथा प्रश्न अशुभ मानून अण्णा टाळतील, पण ज्या घरात आज हत्यार आहे तिथे तो सर्वांत तातडीचा आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. परवानाधारक वारला की ते हत्यार घरात ठेवण्याचा अधिकार त्याच्याबरोबर संपतो. पुष्कळ घरांत हे ठाऊक नसते. आजोबांची बंदूक म्हणून ती माळ्यावर तशीच राहते, आणि ज्या सुनेने तिला कधी हात लावला नाही तिच्या घरात विनापरवाना हत्यार निघते. अशा वेळी विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला ते स्वतःच्या नावावर हवे असेल तर त्याने रीतसर अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत आणखी सोय आहे: परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. पण वारसाने तरी ते घ्यावेच असे कुठे आहे? ज्याला येत नाही आणि शिकायचेही नाही, त्याने ते रीतसर जमा करून मोकळे व्हावे. त्यात घराण्याची शान जात नाही.

तेव्हा वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या गडबडीतून सवड झाली की, ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी पती-पत्नी मिळून अर्धा तास बसावे. परवाना काढून मुदत पाहावी. कपाटाची कुलपे पाहावी. हत्यार रिकामे आहे का, हे ज्याच्या नावावर परवाना आहे आणि ज्याला येते, त्याने पाहावे. येत नसेल तर ओढाताण न करता जाणकाराला दाखवावे. किल्ली कुठे असते आणि आपल्या मागे कोणाला कळवायचे, हे दुसऱ्याला सांगून ठेवावे. एवढे झाले की मुलांच्या हातची टिकल्यांची पिस्तुले वाजू देत खुशाल. फक्त जाता जाता चिरंजीवांना एवढे म्हणावे, "बाळा, माणसावर नको, त्या भिंतीवरच्या आकाशकंदिलाच्या सावलीवर नेम धर बरं."